शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांनी या चुका टाळाव्यात

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, निम्म्या जागा महिलांसाठी राखल्या आणि शाळेच्या कामकाजावर व अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवण्याचे काम समितीकडे सोपवले. १ एप्रिल २०१० पासून हा कायदा लागू आहे. तरीही जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पालकांच्या हातून त्याच त्या चुका होताना मी पाहत आलो आहे. त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे इतिवृत्त न वाचता सही करणे.

माझी मुलगी तिसरीत असताना मी समितीवर होतो. तिच्या वर्गाची कौले फुटली होती आणि पावसाळ्यात भिंतीलगतची मुले दप्तरे मांडीवर घेऊन बसत. प्रत्येक बैठकीत आम्ही हा विषय काढत असू. मुख्याध्यापक मान डोलावत, चहा होई, वही फिरे, आणि शेतीची कामे खोळंबलेली असल्याने सह्या करून आम्ही उठत असू. ऑगस्टमध्ये एका रात्री कुजलेला वासा बाकांवर कोसळला. दुसऱ्या दिवशी आम्ही वीसेक पालक गाडी करून थेट जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. अधिकाऱ्यांनी सर्व ऐकून घेतले आणि एकच विचारले, “समितीचा ठराव आणला आहे का?” ठराव नव्हता. परत येऊन वही उघडली, तर सलग सहा बैठकांच्या नोंदींत “भौतिक सुविधांबाबत सदस्यांनी समाधान व्यक्त केले” हे एकाच साच्यातले वाक्य होते आणि त्याखाली माझ्यासह सर्वांच्या सह्या होत्या. ठराव, गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र, अभियंत्यांची पाहणी, अंदाजपत्रक हे सगळे तेथून सुरू झाले, आणि मुलीचा वर्ग त्या वर्षीचा उरलेला पावसाळा मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भरला.

तेव्हापासून माझा परिपाठ ठरलेला आहे. इतिवृत्त बैठकीतच लिहून घ्यायचे, मोठ्याने वाचायला लावायचे, शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारायची आणि मगच सही करायची. निघण्यापूर्वी त्या पानाचा फोटो काढायचा. ठरावाखाली सूचक व अनुमोदक यांची नावे हवीत आणि मागणी नेमकी हवी. “इमारत दुरुस्त करावी” असा मोघम ठराव फायलीत पडून राहतो. “तिसरीच्या खोलीतील उत्तरेकडच्या सात वाशांची पाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे” असे लिहिले की कोणाला तरी जागेवर येऊन पाहावेच लागते. पत्राच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.

दुसरी चूक उतावळेपणाची आहे आणि नव्या पालकांत ती वाढत चालली आहे. गळक्या छताचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला म्हणजे काम झाले, असे त्यांना वाटते. माझ्या पाहण्यात अशा व्हिडिओने छत दुरुस्त झालेले नाही. शिक्षकांना खुलासा द्यावा लागला आणि पालकांशी त्यांचे बोलणे तुटले, एवढे मात्र झाले. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी या क्रमाने लेखी जावे. कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी गाऱ्हाणे मांडले, तर त्याचा निर्णय तीन महिन्यांत अपेक्षित असतो. ही वाट लांबची वाटते, पण तिच्यावर कागद शिल्लक राहतो.

शिक्षक वाढवून मागण्यापूर्वी पट मोजावा. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक असतात. त्यामुळे ५८ च्या पटावर तिसरा शिक्षक मागण्यापेक्षा शाळेबाहेर राहिलेली तीन मुले शोधून दाखल करणे अधिक उपयोगी ठरते.

मार्चमध्ये, आर्थिक वर्ष संपत आल्यावर, मागणी करू नये. कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा समितीनेच तयार करायचा असतो, म्हणून त्यावर दिवाळीपूर्वीच बसावे. संरक्षक भिंतीसारखे मोठे काम असेल, तर ते ग्रामसभेत मांडून ग्रामपंचायत विकास आराखड्यातही घालून घ्यावे.

महिला सदस्याच्या खुर्चीवर तिच्या यजमानांनी येऊन बसणे ही चूक तर मला मुळीच खपत नाही. आमच्याकडे दोन वर्षे असेच चालले होते. एकदा आम्ही यजमानांना नम्रपणे परत पाठवले आणि त्या ताई स्वतः आल्या. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “मुलींच्या शौचालयाला आतून कडी नाही, म्हणून माझी पोर दिवसभर पाणी पीत नाही.” आम्ही पुरुष सदस्य दर महिन्याला त्या दारासमोरून जात होतो. शाळेला दरवर्षी मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते; त्याच बैठकीत ठराव झाला, ताई सूचक झाल्या आणि आठवड्याच्या आत कडी बसली.