व्हीसीडीवरील नाटके जुन्या आयपॉडवर कशी घ्यावीत

२००० नंतरच्या दशकात अनेक मराठी घरांत नाटके, चित्रपट, कीर्तने आणि घरच्या लग्नमुंजींची चित्रणे व्हीसीडीच्या रूपाने आली आणि दिवाणखान्याच्या कपाटात प्लास्टिकच्या पाकिटांतून साठत गेली. आज बहुतेक लॅपटॉपांना तबकडी घालण्याची जागाच उरलेली नाही, आणि ती तबकडी कशीबशी मोठ्या टीव्हीवर लावलीच तर चित्र चौकटीचौकटींत फुटलेले दिसते. यात दोष नाटकाचा किंवा छायाचित्रणाचा नसून आकाराचा आहे. आपल्याकडे चालणाऱ्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या व्हीसीडीवर चित्र अवघे ३५२ बाय २८८ बिंदूंचे असते, आणि आयपॉडच्या, म्हणजे ॲपल कंपनीच्या खिशात मावणाऱ्या गाणी-व्हिडिओच्या यंत्राच्या, अडीच इंची पडद्यावर ३२० बाय २४० बिंदू असतात. म्हणजे व्हीसीडीचे चित्र येथे ताणावे लागत नाही, उलट किंचित आवळून बसते आणि बरेच स्वच्छ दिसते. त्यामुळे ज्यांच्या खणात जुना आयपॉड पडून आहे, त्यांनी या तबकड्या पूर्ण खराब होण्याआधी हे काम हाती घ्यावे, असे मला कळकळीने वाटते.

प्रथम आपल्याजवळचा आयपॉड कोणता, हे पाहावे. पडद्यावर व्हिडिओ दाखवणारा पहिला आयपॉड, म्हणजे पाचवी पिढी, ऑक्टोबर २००५ मध्ये ३० आणि ६० जीबी अशा दोन क्षमतांत आला. सप्टेंबर २००६ मध्ये त्याची अधिक उजळ पडद्याची सुधारित आवृत्ती आली आणि सप्टेंबर २००७ पासून हाच आयपॉड ‘क्लासिक’ या नावाने विकला जाऊ लागला. २०१४ मध्ये त्याची विक्री थांबली. बॅटरीबाबत अपेक्षा माफक ठेवावी. अगदी नवा असतानाही २००५ चा ३० जीबीचा आयपॉड गाणी १४ तास वाजवी, पण व्हिडिओ मात्र दोनच तास दाखवी, असा कंपनीचाच दावा होता. इतक्या वर्षांनंतर अडीच तासांचे नाटक एका दमात पाहायचे, तर बॅटरी बदलून घेणे भागच आहे. ती फुगून मागचे पोलादी झाकण वर उचलले गेले असेल, तर तो आयपॉड चार्जिंगला लावूच नये.

तबकड्या वाचण्यासाठी यूएसबीला जोडता येणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह लागतो. तबकडी मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल गोल पुसल्यास नवा ओरखडा खाचेच्या दिशेनेच पडतो आणि तो अधिक त्रास देतो. विंडोज संगणकावर तबकडी उघडली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर दिसतो व त्यात ‘एव्हीसेक’ने सुरू होणाऱ्या, ‘डॅट’ने संपणाऱ्या मोठ्या फाइली असतात. खरे चित्रण त्यांतच असते, म्हणून त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात. व्हीसीडीवर एकाच तबकडीत सुमारे ७४ मिनिटे बसवण्यासाठी, साध्या डेटा सीडीवर चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेली काही जागाही चित्रासाठी वापरलेली असते. त्यामुळे ओरखड्यापाशी चित्र तुटते, आणि कधी कधी फाइल उतरवणेच मध्ये थांबते. तसे झाले तर हार मानण्याआधी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये प्रयत्न करावा, कारण एका ड्राइव्हला न वाचता आलेली तबकडी दुसरा बऱ्याचदा वाचून जातो.

आता रूपांतराकडे वळू. खरी काळजी येथेच घ्यावी लागते. व्हीसीडीवरील चित्र एमपीईजी-१ या पद्धतीचे असते आणि ते आयपॉडला समजत नाही. त्याला एच.२६४ पद्धतीचे चित्र आणि एएसी पद्धतीचा आवाज लागतो, तोही ठरावीक मर्यादेत. फाइलच्या नावापुढे ‘एमपी४’ आहे एवढ्यावर समाधान मानणे ही यातली सर्वांत सार्वत्रिक चूक आहे, कारण आयपॉड नाव पाहत नाही, आतली रचना पाहतो. ‘हँडब्रेक’ हा मोफत प्रोग्राम या कामाला पुरतो. त्याने डॅट फाइल उघडली नाही, तर तिच्या प्रतीचे नाव बदलून शेवट ‘एमपीजी’ करून पाहावा.

हँडब्रेकमध्ये फाइलचा प्रकार एमपी४ निवडावा आणि शेजारची ‘आयपॉड ५जी सपोर्ट’ ही खूण करावी. चित्रासाठी एच.२६४, प्रोफाइल ‘बेसलाइन’ आणि लेव्हल १.३ ठेवावी. या मर्यादा पाचव्या पिढीच्या पहिल्या आयपॉडलाही पेलतात. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्ची पडणारा डेटा, सरासरी ७०० केबीपीएस द्यावा. ७६८ ही त्याची वरची मर्यादा आहे. फ्रेमरेट मूळचाच, म्हणजे सेकंदाला २५, राहू द्यावा. आकार हाताने ३२० बाय २४० लिहावा, अ‍ॅनामॉर्फिक (चौरस नसलेले बिंदू तसेच ठेवण्याची सोय) बंद करावे आणि कडा आपोआप कापण्याची सोयही बंद ठेवावी. कारण असे की व्हीसीडीतील बिंदू चौरस नसतात. ३५२ बाय २८८ हे प्रमाण जसेच्या तसे ठेवले तर माणसे उभट दिसतात. नाटकाच्या नेपथ्यात भिंतीवर घड्याळ असेल तर ते गोल दिसते का, एवढे पाहिले की आकार बरोबर आहे याची खात्री पटते.

आवाजासाठी एएसी, स्टीरिओ, १२८ केबीपीएस पुरे. नाटकांच्या चित्रणात संवाद अनेकदा दबलेले असतात, म्हणून ‘गेन’ तीन-चार डेसिबलने वाढवून पाहावा. परंतु तो ठरवताना टाळ्यांचा किंवा मोठ्या हशाचा भाग जरूर ऐकावा, कारण शांत प्रसंगात छान वाटणारी वाढ तेथे आवाज फाडते. रंगमंचावरच्या अंधाऱ्या प्रवेशांत चौकटी फार दिसत असतील, तर ‘डीनॉइज’ची सर्वांत हलकी पायरी वापरावी. त्याहून पुढे गेल्यास नटांच्या चेहऱ्यावरच्या रेषाच पुसल्या जातात, आणि नाटक पाहायचे ते त्या चेहऱ्यांसाठीच. संपूर्ण नाटक रूपांतराला लावण्याआधी मधली पाच मिनिटे निवडून, ती आयपॉडवर घेऊन, हेडफोन लावून पाहावीत.

आयपॉड ६४० बाय ४८० आकाराचे चित्रही घेतो (२००५ च्या आयपॉडला त्यासाठी पुढचे फर्मवेअर, म्हणजे त्याची आतली प्रणाली, लागते), मग ते का घेऊ नये, असा प्रश्न पडेल. व्हीसीडीत जे बिंदू नाहीतच ते मोठा आकार देऊन येत नाहीत, हे एक कारण. दुसरे कारण बॅटरीचे आहे. या आयपॉडांत फिरती हार्ड डिस्क असते. ३० जीबीच्या आयपॉडात ३२ एमबी स्मृती असते. तीत पुढचा भाग भरून घेतला की डिस्क थांबते आणि तो संपत आला की पुन्हा फिरू लागते. वर सांगितलेल्या मापात तासाला सुमारे ३७० एमबी लागतात, म्हणजे ही स्मृती फार तर पाच मिनिटे पुरते. बिटरेट दुप्पट केला तर डिस्क दुप्पट वेळा जागी होते. अडीच तासांचे नाटक आपल्या मापात एक जीबीच्या आतच राहते.

दोन-तीन तबकड्यांचे नाटक एकत्र जोडण्याच्या फंदात पडू नये. अंकांनुसार वेगळ्या फाइली हाताळायला सोप्या जातात. फाइल आयपॉडमध्ये नुसती टाकून मात्र ती दिसत नाही, कारण आयपॉड स्वतःच्या सूचीत नोंदलेलेच दाखवतो. त्यासाठी विंडोजवर आयट्यून्समधून आणि २०१९ नंतरच्या मॅकवर फाइंडरमधून ती पाठवावी लागते. पाठवण्याआधी माहितीच्या खिडकीत प्रकार ‘टीव्ही शो’ ठेवून अंकाचा क्रमांक भागाच्या जागी लिहिल्यास सगळे अंक एका नावाखाली ओळीने येतात.

आयपॉडवर रॉकबॉक्स ही पर्यायी प्रणाली बसवलेली असेल, तर वरील फाइली तिच्यात चालणार नाहीत. तिचा व्हिडिओ प्लेअर एमपीईजी-१ आणि २ एवढेच दाखवतो, तेव्हा नाटकांसाठी मूळ प्रणालीच बरी.

पाचव्या पिढीचा आयपॉड हेडफोनच्या छिद्रातून टीव्हीलाही जोडता येतो. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये ‘टीव्ही आउट’ सुरू करून सिग्नल ‘पाल’ ठेवावा. कॅमकॉर्डरची तीन रंगांची साधी केबल वापरायची असेल, तर तिची लाल पिन टीव्हीच्या पिवळ्या छिद्रात, पिवळी पांढऱ्यात आणि पांढरी लालमध्ये घालावी. रंगाला रंग जुळवल्यास चित्र येत नाही. क्लासिकला ही केबल चालत नाही, त्याला खालच्या रुंद जोडणीतून जाणारी वेगळी केबल लागते.