टँकवर ठिणग्या उडतात, पण टँक मरत नाही? या चुका टाळा

"दादा, गोळ्या लागतायत, ठिणग्यापन उडतायत, पन टँक काय मरत नाय!" गुहागरचा माझा मावसभाऊ गेला महिनाभर हेडसेटवर हेच सांगत होता. रात्री जेवणं आटोपली की आम्ही चौघं 'वॉर थंडर' हा विमानं आणि टँकांचा ऑनलाइन युद्धगेम खेळायला बसतो, तिघं रत्नागिरीतून आणि हा गुहागरातून. शेवटी त्याच्या खेळाचा रिप्ले, म्हणजे रेकॉर्डिंग, मागवून नीट बघितला. त्याचं विमान झाडांच्या शेंड्यांवरून सपाट येतंय, समोर टी-३४ हा रशियन टँक दिसला की बटण दाबून धरलेलं, आणि गोळ्या टँकवरून सटकून आभाळात.

त्याला वाटत होतं तोफ कमी पडते. तोफ कमी पडत नाही, कोन चुकतो. भाट्याच्या खाडीत चपटा दगड आडवा फेकला की तो पाण्यावर टप्पे खात जातो, आणि तोच वरून टाकला की सरळ बुडतो. चिलखतावर गोळीचं तसंच होतं, आणि गेम हा कोन चोख मोजतो.

टी-३४ च्या छताचा पत्रा साधारण २० मिलिमीटरचा. १० अंशांच्या उताराने आलात तर गोळीला त्यातून तिरपं जाताना सुमारे ११५ मिलिमीटर पोलाद भेदावं लागतं. ३० अंशांना ते ४० वर येतं, ४५ अंशांना २८ वर. तोफ तीच, गोळी तीच. जर्मन टायगर टँकची बाजू ८० मिलिमीटरची आहे, तिच्यावर २३ मिलिमीटरच्या गोळ्या फुकट घालवू नका. छत मात्र २५ चंच आहे. म्हणून आधी उंची घ्या, टँकच्या मागून या आणि इंजिनावरच्या भागावर नेम धरा.

आता 'वरून मारा' म्हटलं की पोरं थेट नाक खाली घालतात आणि जमिनीत घुसतात. टँकवर नजर खिळली की उंचीचं भान सुटतं. ताशी ४५० किलोमीटर वेगाने ३० अंशांत उतरत असाल, तर जोरात ओढून विमान सरळ करताना पन्नासेक मीटर उंची जाते. ६० अंशांत सुमारे २०० मीटर. आणि वेग ६०० वर गेला असेल तर साडेतीनशे! त्यातच बटण सोडून काठी ओढायला लागणारा अर्धा सेकंद धरा, आणखी सत्तर मीटर गेले. म्हणून सूर मारण्याआधीच थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, कमी करा. ३० ते ४० अंश पुरतात, त्याहून धाडस नको.

वेळही मोजकाच असतो. ४५० च्या वेगाने ६०० मीटरपासून २०० मीटरपर्यंत यायला जेमतेम तीन सेकंद लागतात. नेम धरायचा तो त्याआधी, त्या तीन सेकंदांत फक्त मारायचं. यू-८७ जी या जर्मन विमानाच्या ३७ मिलिमीटरच्या तोफांना प्रत्येकी १२ च गोळ्या असतात. पहिल्या खेपेला बटण दाबून धरलंत की दुसरी खेप संपलीच. शिवाय दर गोळीला विमान हिसका खातं, नाक हलतं आणि पुढची गोळी भलतीकडे जाते. एक गोळी, नेम सावरा, मग दुसरी. लहान तोफांना छोटे छोटे बर्स्ट द्या, म्हणजे थोड्या थोड्या गोळ्या सोडा, नळी तापली की गोळ्या पसरतात.

बेल्ट, म्हणजे तोफेतल्या गोळ्यांचा पट्टा, बघितलात का? हँगरमध्ये, म्हणजे सामन्याआधी विमान तयार करायच्या स्क्रीनवर, तो डिफॉल्टच राहिलेला असतो. टँकसाठी 'ग्राउंड टार्गेट्स' लावा. पंखातल्या तोफा असतील तर टार्गेटिंग डिस्टन्स, म्हणजे दोन्ही पंखांतल्या गोळ्या जिथे एकत्र येतात ते अंतर, ४००-५०० मीटरवर आणा. याक-९टी या विमानासारखी तोफ नाकात असेल तर ही काळजी नाही.

एवढं करूनही गोळ्या लागत नसतील तर स्क्रीनच्या कोपऱ्यात पिंगशेजारी पॅकेट लॉसचा (वाटेत हरवलेल्या डेटाचा) आकडा दिसतो, तो बघा. आपल्याकडे चिऱ्याच्या जाड भिंती. राउटर ओटीवर आणि कॉम्प्युटर माजघरात असेल तर वाय-फाय अर्ध्यातच दमतं, आणि तुमच्या स्क्रीनवर लागलेली गोळी सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. कोनाच्या जोडीला मावसभावाचं हेही झालं होतं. लॅन केबल ओढली आणि तो आकडा शून्यावर आला. जॉयस्टिकवाल्यांनी पावसाळ्यात डेडझोन, म्हणजे काठी किंचित हलली तरी गेम दुर्लक्ष करतो तो भाग, थोडा वाढवावा. खाऱ्या दमट हवेने आतले संपर्क खराब होतात आणि हात स्थिर असूनही नेम थरथरतो.

त्याच दिशेने लगेच दुसरी खेप मारायला जाऊ नका. विमानविरोधी तोफवाल्याने पहिल्या खेपेलाच तुमची वाट हेरलेली असते. डोंगराआड निघून जा, मिनिटभर थांबा, उंची घ्या आणि दुसऱ्या बाजूने या.

आणि सामन्यात उतरण्याआधी हँगरमधलं प्रोटेक्शन ॲनालिसिस उघडा, तिथे कुठली गोळी कुठलं चिलखत भेदते ते दिसतं. तुमचीच तोफ निवडा, अंतर ४०० ठेवा आणि टी-३४ चं छत आधी सपाट कोनातून, मग वरून बघा. लाल खूण हिरवी कुठे होते तो कोन लक्षात ठेवा, आणि टेस्ट फ्लाइटमध्ये, म्हणजे सरावाच्या उड्डाणात, उभ्या टँकवर त्याच कोनाने दहा वेळा उतरा. मावसभावाला मी रविवारी हेच करायला लावलं. सातव्या खेपेला त्याने दोनच गोळ्या मारल्या आणि इंजिन पेटलं.