गावाच्या मालकीची पवनचक्की उभी करायचीय? आधी गाव सोबत घ्या

साताऱ्यात चाळकेवाडी, वनकुसवडे, इकडे धुळ्यात साक्रीजवळ ब्राह्मणवेल, पवनचक्क्या सगळीकडे फिरतायत पण गावाची त्यात मालकी नाही, जमिनीचे पैसे एकदा मिळाले की विषय संपला. स्वतःच्या मालकीची गावाला जमते का, तर जमते. तामिळनाडूत कोइंबतूर जिल्ह्यातल्या ओडंतुरै ग्रामपंचायतीने २००६ मध्ये ३५० किलोवॅटची पवनचक्की घेतली, खर्च साधारण दीड कोटी, त्यातले ४० लाखाच्या आसपास पंचायतीचे स्वतःचे आणि बाकी बँकेचं कर्ज, तयार झालेली वीज तिथल्या वीज मंडळाला विकून त्याच पैशातून कर्ज फेडलं.

पहिलं काम वारा मोजायचं. "आमच्या पठारावर लई वारं असतंय" यावर बँक कर्ज देत नाही. वेग दुप्पट झाला की वाऱ्यातली ताकद आठपट होते, त्यामुळे अंदाज थोडा जरी चुकला तरी सगळा हिशोब कोसळतो. मास्ट, म्हणजे वारा मोजायची यंत्रं बसवलेला उंच खांब, लावून किमान वर्षभर मोजा, कारण आपल्याकडे वाऱ्याचा जोर मुख्यतः जून ते सप्टेंबर, आणि कोणी फक्त त्या चार महिन्यांचे आकडे दाखवून नफा सांगत असेल तर सही करू नका. जुनी मोजमापं चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेकडे आणि पुण्यात महाऊर्जाकडे (राज्य सरकारची अपारंपरिक ऊर्जेची संस्था) विचारा. गावात वारा नसेल तरी अडत नाही, ओडंतुरैची पवनचक्की गावात नाहीच, शंभरेक किलोमीटर लांब वाऱ्याच्या जागी आहे.

आता खरं काम, लोक. ग्रामसभा जागा ठरायच्या आधी घ्या, नंतर नाही. सगळं ठरवून फक्त अंगठे घ्यायला बोलावलंय हे लोकांना लगेच कळतं आणि मग भावकीतले जुने वादसुद्धा पवनचक्कीच्या नावाने बाहेर येतात. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनसमोरच्या समुद्रात मिडलग्रुंडेनला आधी २७ पवनचक्क्या तीन रांगांत लावायचा प्लॅन होता, लोकांनी हरकती घेतल्यावर २० केल्या आणि एका कमानीत लावल्या. म्हणजे ऐकून प्लॅन बदलला, नुसती समजूत काढली नाही, मला तरी हाच सगळ्यात मोठा धडा वाटतो.

"पवनचक्कीमुळे ढग पांगतात, पाऊस जातो" हे सातारा-सांगलीकडे दुष्काळात खूप ऐकायला मिळालं, तुमच्याकडेही निघणारच. त्यावर हसू नका, ज्याचं पीक वाळलंय तो कारण शोधणारच. शांतपणे सांगा की पात्याचं टोक जमिनीपासून शंभर-दोनशे मीटरवर असतं आणि पावसाचे ढग कित्येक किलोमीटर उंच वाढतात, शिवाय जिथं एकही पवनचक्की नाही तिथंही त्या वर्षी पाऊस नव्हता हे तालुकावार आकडे काढून दाखवा. आवाजाचं मात्र खरं आहे. सरकारी गाइडलाइनमध्ये वस्तीपासून ५०० मीटर अंतर सांगितलंय, पण कागद दाखवण्यापेक्षा सगळ्यात जास्त विरोध करणाऱ्यांना गाडीत घालून चालू पवनचक्कीपाशी न्या, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा, तेवढ्याच अंतरावर उभं करा, तिथल्या घरच्या बायकांशी त्यांना स्वतः बोलू द्या. तिथं तक्रार ऐकायला मिळाली तर ती लिहून घ्या आणि जागा मागे सरकवा.

पैशाचं बोलायचं तर शेअर लहान ठेवा. मिडलग्रुंडेनमध्ये एक शेअर म्हणजे वर्षाला साधारण हजार युनिट वीज असा हिशोब होता आणि आठ हजारांवर लोक तिथल्या सहकारी संस्थेचे सभासद झाले. आपल्याकडे बचत गट आणि भूमिहीन घरांना हप्त्याने शेअर द्या, नाहीतर पाच-सहा बागायतदारांचीच पवनचक्की होते आणि बाकी गाव परत विरोधात जातं. नफ्यातलं पाण्याच्या योजनेला किती, सभासदांना किती, दुरुस्तीला किती हे आधीच ठरावात लिहा. महिन्याला किती युनिट झाले आणि किती पैसे आले ते पंचायतीच्या फळ्यावर लावा, बंद पडली असेल तर तेही लावा.

आणि मशीनची ऑर्डर द्यायच्या आधी ग्रिड कनेक्शन आणि वीज कोण कोणत्या रेटने घेणार हे महावितरणकडून लेखी घ्या, देखभालीचा करारही तेव्हाच करा, ऐन जुलैमध्ये गिअरबॉक्स गेला आणि माणूस महिनाभर आला नाही तर वर्षाची कमाई तिथंच जाते.