आधी खांब ओळंब्यात, मग डिश

डिश बसवायची म्हटलं की बहुतेक जण पाना घेऊन थेट डिशलाच भिडतात. मी आधी खांबाला पाणसळ लावतो, एकदा समोरून, एकदा बाजूने. खांब जराही कललेला असला तर डिशच्या मागच्या पट्टीवरचे अंश चुकीचे ठरतात, आणि डिश डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही, म्हणजे वर बघण्याचा कोन, नकळत बदलत जाते. मग कितीही फिरवा, उपग्रह हाती लागत नाही. इथे घाई करू नका, अगदी कळकळीने सांगतो.

उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर पृथ्वीच्याच वेगाने फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागी स्थिर दिसतो. आपल्या ठिकाणाहून त्याची दिशा, उंचीचा कोन आणि एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा भाग) किती तिरका ठेवायचा, हे तीन आकडे इंटरनेटवर मिळतात. दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजली आहे की चुंबकीय, ते पाहून घ्या. होकायंत्र खांबापासून लांब धरा, लोखंडाने सुई ढळते. आणखी एक, ऑफसेट डिश (जिचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो ती) दिसते त्यापेक्षा वीसेक अंश वर बघत असते. ती जवळजवळ उभी दिसली तरी पट्टीवरचाच कोन धरा.

केबल जोडताना रिसीव्हर बंद हवा. कनेक्टरमध्ये जाळीची एकही तार मधल्या तांब्याला टेकू देऊ नका, शॉर्ट होतं.

रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये एलएनबीचा प्रकार निवडा (युनिव्हर्सल असेल तर सेटिंगमध्ये ९७५०/१०६००), मग त्या उपग्रहाच्या चालू ट्रान्सपाँडरची (उपग्रहावरच्या प्रक्षेपकाची) फ्रिक्वेन्सी, पोलरायझेशन (लहरी उभ्या की आडव्या) आणि सिम्बॉल रेट (डेटाचा वेग) भरा. आता पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील. स्ट्रेंग्थकडे बघू नका, एलएनबी जोडला की ती तशीही वर जाते. खरी पट्टी क्वालिटीची.

उंची डिशमागच्या पट्टीवर लावून नट हलकेच आवळा आणि डिश डावी-उजवीकडे केसभर सरकवून थांबा. रिसीव्हरला सिग्नल पकडायला दोन-तीन सेकंद लागतात. भरभर फिरवणाऱ्याच्या हातून उपग्रह निसटतो तो इथेच. सापडला नाही तर उंची अंशभर बदलून पुन्हा एक फेरी. क्वालिटी आली की लगेच चॅनेल शोधून नावं तपासा, शेजारचा उपग्रहही लागू शकतो.

मग दोन्ही बाजूंना क्वालिटी कुठे पडते ते बघून डिश बरोबर मध्ये आणा. उंचीचंही तसंच करा, शेवटी एलएनबी थोडा वळवून बघा. चित्र तर कमी क्वालिटीतही येतं, पण पावसाच्या थेंबांत केयू बँडच्या (डिश ज्या पट्ट्यात सिग्नल घेते त्या) लहरी क्षीण होतात आणि त्या दिवशी हीच शिल्लक कामी येते.

उभ्या पोलरायझेशनचे चॅनेल येतात आणि आडवे येत नाहीत, असं झालं तर आधी केबल तपासा. आडव्यांसाठी रिसीव्हर १३ ऐवजी १८ व्होल्ट पाठवतो, खराब जोडात ते वाटेतच घटतात. सगळं जुळलं की नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, नजर क्वालिटीच्या पट्टीवर ठेवून, कारण आवळतानाच डिश सरकते.