फिजिक्समध्ये पीएचडी करायचीय? गाइड ठरवण्याआधी एवढं विचारून घ्या

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या मुली मला विचारतात, जेस्टला (फिजिक्स पीएचडीची प्रवेश परीक्षा) रँक किती लागते, थिअरी घेऊ की एक्सपेरिमेंटल? प्रश्न रास्तच आहेत. पण पीएचडी अर्ध्यात सोडलेल्या ज्या मुली मी जवळून पाहिल्या, त्यांतली एकही विषय झेपेना म्हणून गेली नाही. लॅबमधल्या वागणुकीने आणि गैरसोयींनी त्या गेल्या.

माझं काम लो टेम्परेचरचं. क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे नमुना अतिथंड ठेवणाऱ्या उपकरणात, द्रव हेलियम भरलं की ते उडून जायच्या आत ४.२ केल्विनच्या आसपासची रीडिंग्ज उरकायची. हेलियम महाग, त्यामुळे रात्र लॅबमध्येच. आणि लेडीज होस्टेलचं गेट दहाला बंद! बॅचमधली मुलं पहाटे निवांत खोलीवर जायची, मला मात्र दर वेळी वॉर्डनकडे अर्ज करावा लागे. शेवटी आमच्या गाइडनी पूर्ण सेमिस्टरची लेखी परवानगी मिळवली आणि रात्री सोडायला गाडीही लावून घेतली. एका पत्राचं काम होतं, पण ते लिहायला गाइडला ती स्वतःची जबाबदारी वाटावी लागते.

म्हणून ग्रुपमधल्या आजी-माजी विद्यार्थिनींशी बोला, तेही लॅबबाहेर. रात्रीच्या कामाची सोय काय, पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं, कॉन्फरन्सला कुणाला पाठवतात, मध्येच कोण सोडून गेलं आणि का? उत्तर द्यायला कुणी कचरलं, तर त्यातूनही बरंच कळतं.

नियम पाठ असू द्या. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएचडीच्या काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते, शिवाय मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत आहे. हा हक्क आहे, मागताना अवघडू नका. लैंगिक छळ झाला तर अंतर्गत तक्रार समितीकडे साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. तारखा आणि मेसेज जपून ठेवा. संसारामुळे खंड पडलाच, तर परतणाऱ्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना आहे.

विभागप्रमुख हे वाचत असतील, तर त्यांनी इंडियन फिजिक्स असोसिएशनच्या २०१९ च्या परिषदेतून आलेला, फिजिक्समधल्या स्त्री-पुरुष समानतेसाठीचा हैदराबाद चार्टर विभागाच्या बैठकीत ठेवावा. आणि संध्याकाळी सहाचा सेमिनार दुपारी तीनला आणावा. पाळणाघर बंद व्हायच्या आत आयांना पोचायचं असतं.