छताला ओल आली तर काय करावं: आधी पाण्याचा माग, मग शेजाऱ्याचं दार

छतावर बशीएवढा पिवळसर डाग दिसला की मनात पहिल्यांदा येतो तो वरचा मजला. "त्यांच्या बाथरूमचं पाणी उतरतंय." मीही हेच म्हटलं होतं, आणि तेही जिन्यात, चार माणसांसमोर. वरच्या काकूंनी मुकाट्याने बाथरूमच्या फरश्या उखडून नव्या बसवून घेतल्या. खर्च त्यांचा, धूळ त्यांच्या घरात, आणि पंधरा दिवस आंघोळीला दुसऱ्यांच्या दारात. ओल मात्र होती तिथेच राहिली. शेवटी कळलं की डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून, खाली जाणाऱ्या सामाइक सांडपाण्याच्या पाइपचा सांधा सुटला होता आणि ते पाणी भिंतीतून सरकत माझ्या छतापर्यंत येत होतं. काकूंनी बोलणं तोडलं नाही, पण पूर्वीसारखं येणंजाणं सुरू व्हायला वर्ष गेलं. आठवडाभर थांबून नीट पाहिलं असतं तर त्यांच्या फरश्या वाचल्या असत्या. तेव्हा मला जे माहीत असायला हवं होतं ते इथे क्रमाने लिहितो.

1. पाणी दिव्याजवळ असेल तर आधी वीज

थेंब दिव्याच्या किंवा पंख्याच्या जागेतून पडत असेल तर त्या खोलीच्या सर्किटचा एमसीबी (मीटरजवळच्या पेटीतला वीज तोडणारा खटका) आधी खाली करा आणि इलेक्ट्रिशियनने पाहिल्याशिवाय वर करू नका. स्लॅबमधून वायरींच्या नळ्या गेलेल्या असतात. पाण्याला त्या आयत्या वाटा मिळतात, म्हणून बऱ्याचदा पहिला थेंब तिथूनच पडतो. गळती त्या दिव्याच्या बरोबर वरच असेल असंही नाही. पाणी नळीतून चार-पाच फूट चालून आलेलं असू शकतं.

धार लागली असेल तर थांबण्यात अर्थ नाही. सरळ वर जा आणि व्हॉल्व्ह बंद करायची विनंती करा. पुढचं सगळं हळूहळू पसरणाऱ्या ओलीसाठी आहे. भांडणं होतात ती तिच्यावरूनच.

2. डागाभोवती पेन्सिल फिरवा

स्टुलावर चढा आणि डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारा. रेघेशेजारी तारीख आणि वेळ लिहा आणि फोटो काढा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहा. डाग रेघेबाहेर गेला असेल तर नवी रेघ, नवी तारीख. आठवडाभर हे केलं की छतावर नकाशासारख्या वळ्या तयार होतात आणि ओल कोणत्या बाजूला सरकतेय ते दिसतं. उगम बहुतेकदा उलट्या बाजूला असतो.

जुना डाग जवळून पाहिलात तर त्यात मुळातच तपकिरी कडा दिसतील, एकात एक. डाग भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो आणि दर खेपेला पाण्यातली घाण कडेशी साचते. अशा कडा दिसल्या की पाणी सतत येत नाही, थांबून थांबून येतं, हे ओळखायचं. हात लावून पाहा. कोरडा लागला तर तो जुनाही असू शकतो, कधीच बंद झालेल्या गळतीचा.

3. घड्याळाशी मेळ घाला

सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या, कारण बहुतेक उत्तर इथेच मिळतं. एक वही करा. ओल कधी वाढली, कधी कमी झाली, पाऊस होता का, वर पाण्याचा वापर कधी झाला, एवढंच त्यात लिहायचं.

पिण्याच्या किंवा वापरायच्या पाण्याची लाइन दाबाखाली असते. ती फुटली की गळती दिवसरात्र एकसारखी चालते. वर कोणी घरी असो-नसो, डाग वाढतच राहतो. गरम पाण्याची लाइन असेल तर वरच्या फरशीचा एखादा भाग अनवाणी पायाला कोमट लागतो. घराला स्वतंत्र मीटर असेल तर सगळे नळ बंद करून आकडा टिपायचा आणि दोन तासांनी पुन्हा पाहायचा. आकडा हलला तर मीटरपुढच्या लाइनमध्ये कुठेतरी पाणी जातंय. बारीक गळती क्षुल्लक समजू नका. सेकंदाला एक थेंब, आणि 20 थेंबांचा 1 मिलिलिटर धरला, तरी दिवसाला 4.3 लिटर पाणी स्लॅबमध्ये मुरतं.

सांडपाण्याची लाइन फक्त वापराच्या वेळी गळते. सकाळी आंघोळी झाल्या की थेंब, दुपारी शांतता, असा तिचा क्रम असतो.

फरशीच्या सांध्यांतून मुरणारं पाणी सगळ्यात फसवं. टाइलखालचा थर स्पंजसारखं पाणी धरून ठेवतो आणि ते सावकाश सोडत राहतो. त्यामुळे बाथरूम चार दिवस बंद ठेवलं तरी खाली ओल दिसतेच. "आम्ही गावाला होतो तरी तुमचं गळत होतं, म्हणजे आमचं नाही," असं वरचे म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात, पण तो पुरावाही नसतो.

पावसाचं पाणी पावसाबरोबर किंवा काही तासांनी दिसतं, बहुधा बाहेरच्या भिंतीला, खिडकीच्या कोपऱ्याशी किंवा गच्चीखाली.

आणि पाचवी शक्यता अशी की पाणी कुठूनच येत नाही, ते घरातल्याच हवेतलं असतं. खोलीतली दमट हवा थंड भिंतीला लागली की तिथे पाणी धरतं. कोपऱ्यात, कपाटामागे, बंद खोलीत बुरशीचे काळे ठिपके दिसले आणि डागाला स्पष्ट कडा नसली, तर आधी हाच संशय घ्या.

4. आपल्या घराची बाजू आधी तपासा

वर जाण्याआधी ही पाचवी शक्यता खोडून काढा. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा हात-दीड हाताचा तुकडा ओलसर भागावर लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. पृष्ठभाग वरून पुसून कोरडा केलेला असू द्या. एक-दोन दिवसांनी पाहा. खोलीकडच्या बाजूला दव साचलं असेल तर पाणी तुमच्याच हवेतलं. खिडक्या उघडा, घरात कपडे वाळत घालणं थांबवा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. फॉइल सोडवल्यावर आतली बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून किंवा स्लॅबमधून येतंय.

तुमच्याच घरातली पाइपलाइन त्या भिंतीतून गेली आहे का, हेही आठवून पाहा. विशेषतः नूतनीकरणात कोणी जागा बदलली असेल तर.

5. आता वर जा, पण तक्रार घेऊन नाही

वेळ निवडा. सकाळची घाई नको, जेवायची वेळ नको. फोनवर सांगू नका आणि इमारतीच्या ग्रुपवर फोटो तर मुळीच टाकू नका. चारचौघांत दोष लागला की माणूस आधी स्वतःचा बचाव करतो, मग पाइप बघतो. माझं चुकलं ते नेमकं इथेच.

दारात एवढंच म्हणा: "काकू, आमच्या छताला ओल आलीये. कुठून येतेय ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला सवड असेल तेव्हा एकदा खाली येऊन बघाल का?"

त्यांना खाली बोलवा, स्वतःहून त्यांच्या बाथरूममध्ये शिरायचा आग्रह धरू नका. छतावरच्या तारखांच्या रेघा आणि वही त्यांना दाखवा. बहुतेक माणसं स्वतःच विचारतात, "मग आमच्याकडे कधी बघता?" वर भाडेकरू राहत असतील तर त्यांच्याशी नीट बोला, पण निरोप घरमालकापर्यंत पोहोचू द्या. तोडफोडीचा निर्णय भाडेकरू घेऊ शकत नाही आणि दोघांच्या मध्ये तो बिचारा उगाच भरडला जातो.

एक गोष्ट त्यांना जरूर सांगा, कारण ती अनेकांच्या लक्षात येत नाही: तुमचं छत म्हणजेच त्यांची जमीन. पाणी स्लॅबमधल्या गजांपर्यंत पोहोचलं की गज गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. पोपडे तुमच्याकडे पडतात, पण कमकुवत होतो तो दोघांचा स्लॅब.

6. दोघांनी मिळून चाचणी करा

फरशी उखडण्याआधी ही चाचणी हवीच. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट, आणि मध्ये किमान एक दिवस.

पहिल्या दिवशी फरशी कोरडी ठेवून, नरसाळं किंवा नळी लावून पाणी थेट नहाणी ट्रॅपच्या (फरशीवरचं पाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या) तोंडात सोडा, तीन-चार बादल्या. खाली काही तासांत ओल वाढली तर दोष ट्रॅपच्या सांध्यात किंवा त्यापुढच्या पाइपमध्ये. नाही वाढली तर पुढच्या वेळी ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून फरशीवर साधारण अडीच सेंटिमीटर पाणी साठवा आणि 24 तास ठेवा. उंबरा त्याहून उंच आहे ना, ते आधी पाहा. यापेक्षा जास्त पाणी भरू नका: एक चौरस मीटर जागेत एवढंच पाणी 25 किलो भरतं, म्हणजे चार चौरस मीटरच्या बाथरूममध्ये 100 किलो.

पाण्याच्या पातळीला टाइलवर चिकटपट्टीची खूण करा. शेजारी एका पसरट भांड्यातही तेवढंच पाणी ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या तर पाणी हवेत गेलं. फरशीवरचं जास्त उतरलं तर ते कुठेतरी मुरलं. भांड्याच्या या युक्तीने वाद जागच्या जागी मिटतो, कारण मोजणारे दोघंही समोर असतात. पाण्यात खायचा रंग टाकायची पद्धत आहे, पण स्लॅबमधून उतरताना रंग फिका पडू शकतो. खाली रंग दिसला तर प्रश्न मिटला. दिसला नाही म्हणून कोणी सुटलं असं धरू नका.

फरशीही निर्दोष निघाली तर तिसऱ्या वेळी फक्त शॉवरखालची भिंत भिजवा. तिथेही काही निघालं नाही, तर डक्टमधली सामाइक लाइन आणि बाहेरची भिंत पाहायला इमारतीच्या समितीला सांगा. आमच्या वेळी ही पायरी सगळ्यात आधी व्हायला हवी होती.

तुम्हीच वरचे असाल तर

दार वाजलं आणि खालचे म्हणाले ओल आहे, तर पहिलं वाक्य "आमचं नाही" असू देऊ नका. "चला, बघतो," म्हणा आणि खरंच खाली जाऊन बघा. बघितलं म्हणजे चूक कबूल केली असं होत नाही. चाचणीला परवानगी द्या. तिच्यातून तुम्ही निर्दोषही ठरू शकता. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर तसं सांगा आणि सोयीचा दिवस तुम्हीच ठरवा. नकारापेक्षा पुढची तारीख कधीही बरी. आणि टाइलमधलं ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरलेला मसाला, झिजलेलं असेल, ट्रॅपच्या कडेला फट असेल, तर चाचणीची वाट न पाहता भरून घ्या. काम लहान असतं.

7. ठरलेलं लिहून ठेवा

खर्च कोणाचा, हे इमारतीच्या लेखी नियमांवर ठरतं. ते दोघांनी आधी वाचावेत, कोणाच्या आठवणीवर जाऊ नये. मग एका कागदावर लिहा: दोष कुठे सापडला, काय दुरुस्त करायचं, कोण करणार, कधीपर्यंत, आणि खालच्या छताच्या रंगाचं काय. दोघांच्या सह्या घ्या. प्रेमाच्या शेजाऱ्यांनीही हे करावं. सहा महिन्यांनी कोण काय म्हणालं होतं ते दोघांनाही वेगवेगळं आठवतं.

बोलून काहीच होत नसेल तर दारात आवाज चढवू नका. फोटो आणि वहीच्या नोंदी जोडून पत्र द्या, एक प्रत समितीला, एक स्वतःकडे. दोघांपैकी कोणाचाही ओळखीचा नाही असा प्लंबर किंवा अभियंता आणून त्याचं मत लेखी घ्या. कायद्याची पायरी त्यानंतरची.

8. रंगाची घाई करू नका

गळती बंद झाली तरी स्लॅब आतून ओलाच असतो. तो वाळायला कित्येक आठवडे लागतात, आणि त्याआधी रंग दिला तर फुगे येऊन पापुद्रे सुटतात. मग "काम झालंच नाही" म्हणून नवा वाद. पेन्सिलची एक ताजी रेघ मारा आणि डाग तिच्याबाहेर जात नाही ना, ते पाहत राहा. पावसाचं पाणी असेल तर एक चांगला पाऊस होऊन जाऊ द्या.

वाळताना भिंतीवर पांढरी पूड येईल. तो लोणा. पाणी आतले क्षार पृष्ठभागावर आणतं आणि स्वतः उडून जातं. तो कोरड्या ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसलात तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. लोणा यायचा थांबला की सुटलेला भाग खरवडून काढा, प्रायमर द्या, मग रंग.

आणि रंगाआधी एकदा वर जा. ओल आली हे सांगायला सगळेच जिना चढतात, थांबली हे सांगायला फारसं कोणी जात नाही. वरचे मात्र रोज आंघोळ करताना खाली काय होत असेल या धास्तीत असतात. मी काकूंना हाताला धरून खाली आणलं, स्टुलावर चढून कोरड्या छतावर तळहात फिरवला आणि त्यांना दाखवला. त्यांनी स्वतः हात लावून बघते म्हटलं, तर मी स्टूल धरून उभा राहिलो.