पिकअप बघायला जाण्याआधीची तयारी

अमेरिकेत फुल-साइझ पिकअप घ्यायची म्हटली की बहुतेक जण फोर्ड एफ-१५०, शेवरोले सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० आणि टोयोटा टंड्रा यांची माहितीपत्रकं शेजारी मांडून बसतात आणि सगळ्यात मोठ्या आकड्यावर बोट ठेवतात: ही १३,५०० पाउंड ओढते, ती १३,३००, टंड्रा १२,०००, रॅम साडेअकरा हजारांच्या घरात. २०२५च्या मॉडेलांचे हे आकडे खरे आहेत, पण ते त्या त्या कंपनीच्या एका ठरावीक गाडीचे आहेत: विशिष्ट इंजिन, विशिष्ट ॲक्सल रेशो (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरचं प्रमाण), विशिष्ट केबिन, टोइंगचं म्हणजे ट्रेलर ओढायच्या सामानाचं मोठं पॅकेज. शोरूमच्या दारात उभी असलेली, सनरूफवाली, चामडी सीटवाली गाडी तेवढं ओढत नाही. त्यामुळे तयारीची सुरुवात गाडीपासून नाही, ट्रेलरपासून करायची.

काय ओढायचं आहे ते आधी कागदावर लिहा. कॅम्पिंगचा ट्रेलर असेल तर त्याचं ‘ड्राय वेट’ विसरून जा. पाणी, गॅसच्या टाक्या, बॅटरी, भांडीकुंडी आणि अंथरूण-पांघरूण भरायच्या आधीचं ते वजन असतं आणि त्या वजनाचा ट्रेलर रस्त्यावर कधीच धावत नाही. ट्रेलरच्या बाजूला चिकटवलेल्या पत्र्यावरचा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या ट्रेलरची कमाल मर्यादा, हाच हिशेबाचा आकडा. मग घरातल्या माणसांची वजनं लिहा, खरीखुरी, आणि मागच्या बेडमध्ये, म्हणजे उघड्या हौद्यात, जे जाणार आहे तेही: कूलर, सायकली, जनरेटर, बेडवरचं झाकण.

आता शोरूममध्ये गेल्यावर ड्रायव्हरचं दार उघडा आणि दाराच्या चौकटीवरचं पांढरं-पिवळं टायरचं स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून एवढ्या पाउंडांपेक्षा जास्त नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा पेलोड, आणि तो त्या एका गाडीचा असतो, मॉडेलचा नाही. फोटो काढून ठेवा. दहा गाड्या बघितल्या तर दहा फोटो.

समजा स्टिकरवर १,५०० पाउंड आहेत आणि ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर ७,०००. बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या गोळ्यावर, टेकणाऱ्या ट्रेलरच्या वजनापैकी १० ते १५ टक्के भार गाडीच्या मागच्या टोकावर येतो. १३ टक्के धरले तर ९१०. वजन पुढच्या-मागच्या चाकांत वाटून देणारा हिच, म्हणजे जोडणीचा सांगाडा, स्वतः ९० पाउंडांच्या आसपास असतो. हजार गेले, उरले पाचशे. आईबाप आणि दोन मुलं मिळून १७५, १४०, १०० आणि ६० धरली तर ४७५. हातात राहिले २५ पाउंड, म्हणजे बर्फाने भरलेला कूलरसुद्धा बसत नाही. गाडी ११,००० पाउंड ओढू शकते असं माहितीपत्रक सांगत असतं आणि ७,०००च्या ट्रेलरलाच ती भरली! भार १० टक्क्यांच्या खाली ठेवून हिशेब जमवायचा मोह होतो. तो करू नका. जोडणीवरचा भार कमी झाला की हायवेवर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि ट्रक शेजारून गेला की ते हलणं वाढत जातं.

या हिशेबातून एक गोष्ट निघते, ती सेल्समन आपणहून सांगत नाही. ट्रिम, म्हणजे त्याच मॉडेलची सजावटीची पायरी, जितकी वरची तितका पेलोड कमी. काचेचं छप्पर, विजेवर हलणाऱ्या सीटा, मोठी चाकं, आपोआप खाली येणारी पायरी, सगळ्याचं वजन पेलोडमधूनच वजा होतं. मधल्या ट्रिमला १,७०० पाउंड मिळतात तिथे सगळ्यात महागडीला १,३००वर समाधान मानावं लागतं. डीलरने नंतर बसवलेल्या वस्तू बहुधा स्टिकरमध्ये धरलेल्याच नसतात, त्या तुम्ही वजा करायच्या.

टो रेटिंगचे, म्हणजे गाडी जास्तीत जास्त किती ओढते त्याचे, आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात, कारण ते एसएई जे२८०७ या एकाच चाचणीतून येतात. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा लांबलचक चढ एसी चालू ठेवून चढावा लागतो आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नसतो. पण त्या चाचणीत गाडीत दोघंच धरलेले असतात, प्रत्येकी १५० पाउंडांचे. तिसरा माणूस बसला की आकडा खाली यायला सुरुवात होते. आणि भरलेल्या ट्रेलरचं वजन ९,०००च्या वर जात असेल तर १५०० वर्गात गाडी शोधण्यात वेळ घालवू नका, २५०० किंवा एफ-२५० या वरच्या, जड वर्गाकडे वळा. नाकापेक्षा मोती जड झाला की इंजिन कितीही ताकदीचं असो, ब्रेक, टायर आणि मागचा ॲक्सल पुरत नाहीत.

एवढं झालं की इंजिन. फोर्डकडे चार प्रमुख पर्याय आहेत. २.७ लिटरचं टर्बो व्ही६ (३२५ अश्वशक्ती, ४०० पाउंड-फूट टॉर्क) रोजच्या वापराला आणि पाच-सहा हजारांच्या ट्रेलरला पुरेसं आहे. आमच्या मते या वर्गातलं सगळ्यात शहाणपणाचं इंजिन हेच. ५.० लिटरच्या व्ही८ला ४०० अश्वशक्ती आणि ४१० टॉर्क, ३.५ टर्बोला ४०० आणि ५००, आणि त्याच ३.५च्या हायब्रिडला ४३० आणि ५७०. व्ही८चा आवाज छान असतो हे मान्य, पण टर्बो नसलेलं इंजिन समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोतला आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथे ४०० अश्वशक्तीचे जेमतेम २७० उरतात आणि ट्रेलर मागे असताना ते लगेच जाणवतं. डेन्व्हर-सॉल्ट लेक भागात राहणाऱ्यांनी टर्बो घ्यावा, फ्लोरिडात राहणाऱ्यांनी हवं ते घ्यावं.

सिल्व्हराडोत २.७ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो (३१० आणि ४३०), ५.३चं व्ही८ (३५५ आणि ३८३), ६.२चं व्ही८ (४२० आणि ४६०) आणि ३ लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल (३०५ आणि ४९५) मिळतं. वर्षाला वीस हजार मैल हायवे कापणाऱ्यासाठी डिझेल उत्तम. मुलाला शाळेत सोडायचं आणि दोन मैलांवरून दूध आणायचं, एवढाच वापर असेल तर घेऊ नका. एक्झॉस्टमधला काजळी अडवणारा फिल्टर तापून स्वच्छ व्हायला लांबचा पल्ला लागतो. तो मिळाला नाही तर फिल्टर तुंबतो. शिवाय डीईएफ हा धूर स्वच्छ करणारा द्रव वेळोवेळी भरत राहावा लागतो. जुनं डिझेल बघत असाल तर ऑइल पंपाचा पट्टा विचारा: तो इंजिनच्या मागच्या बाजूला आहे, सुरुवातीच्या मॉडेलांत दीड लाख मैलांना बदलायचा असतो आणि त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.

रॅमने २०२५मध्ये हेमी व्ही८ काढून सहा सिलिंडरचं तीन लिटरचं ट्विन-टर्बो ‘हरिकेन’ आणलं: साधं ४२० अश्वशक्तीचं, वरचं ५४०चं. ग्राहकांनी ओरड केल्यावर २०२६साठी हेमी परत आलं. बसायला चौघींत रॅम सगळ्यात आरामशीर, कारण मागे पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत. पण त्या मऊपणापायी भार टाकला की मागचं टोक फोर्ड-शेवीपेक्षा जास्त बसतं. मागे कॉइल टंड्रातही आहेत. टंड्रात एकच ट्विन-टर्बो व्ही६ आहे, हायब्रिड जोडून ४३७ अश्वशक्ती आणि ५८३ टॉर्क.

नवी असो वा जुनी, रिकॉलची, म्हणजे दोषामुळे कंपनीने गाड्या परत बोलावल्या आहेत का याची, चौकशी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा संस्थेच्या (एनएचटीएसए) साइटवर करा, फुकट आहे. दोन रिकॉल तर लक्षातच ठेवा. टंड्राच्या २०२२-२३च्या एक लाखाच्या वर गाड्यांत, लेक्सस एलएक्स धरून, यंत्रकामाचा कीस इंजिनात राहिला होता. तो बेअरिंगला लागला की इंजिन बंद पडतं. मे २०२४मध्ये तो रिकॉल निघाला. जनरल मोटर्सने एप्रिल २०२५मध्ये २०२१ ते २०२४च्या ६.२ लिटर व्ही८च्या सुमारे सहा लाख गाड्या परत बोलावल्या, कारण क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमधले दोष. तपासणीत पास झालेल्या गाडीला आता ०डब्ल्यू-४० हे जाडसर ऑइल घालायचं असतं. वापरलेली ६.२ घेताना रिकॉलचं काम झाल्याचा कागद आणि ऑइल बदलल्याच्या पावत्या मागा. नसतील तर पुढची गाडी बघा.

वापरलेल्या गाडीला जाताना मालकाला आदल्या दिवशी सांगा की इंजिन गार हवं. बॉनेटवर हात ठेवून बघा, कोमट लागलं तर परत या. गार इंजिन चालू केल्याबरोबर पहिले चार-पाच सेकंद कान द्या. २०१७ ते २०२०च्या ३.५ टर्बो फोर्डमध्ये तेव्हा खडखड आली तर कॅम फेझर (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारे भाग) गेलेले असतात. हेमीमध्ये गार असताना टिकटिक आणि तापल्यावर बंद, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटलेला. ५.३मध्ये तापल्यावरही टिकटिक चालू राहिली तर लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारा भाग) बिघडलेला, आणि ते काम महागडं. मग टॉर्च घेऊन खाली वाका. एफ-१५०ची बॉडी २०१५पासून ॲल्युमिनियमची आहे, पण चासी पोलादीच. न्यू जर्सी, ओहायो, मिशिगनमध्ये हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीच्या मागच्या आडव्या पट्ट्या, ब्रेकच्या नळ्या आणि स्प्रिंगचे कान नखाने खरवडून बघा. रंगाचा नवा काळा थर दिसला तर खाली काय झाकलंय ते विचारा.

ॲव्हरेजचा विषय सगळे आधी काढतात, पण ट्रेलर लावल्यावर तो बराचसा संपतो. उंच, चौकोनी ट्रेलर मागे असला की बहुतेक पेट्रोल इंजिनं ९ ते ११ मैल प्रति गॅलनवर येतात, मग माहितीपत्रकात काहीही असो. रिकाम्या गाडीचा फरक मात्र खरा: फोर-व्हील-ड्राइव्ह ५.३ व्ही८ साधारण १७-१८, २.७ टर्बो फोर्ड २०, फोर्ड हायब्रिड २३च्या आसपास, शेवीचं डिझेल हायवेवर २६ ते २९. भारतातल्या हिशेबात २० म्हणजे लिटरला साडेआठ किलोमीटर. वर्षाला १२,००० मैल धरले तर १८ देणारी गाडी ६६७ गॅलन पिते आणि २३ देणारी ५२२. सव्वातीन डॉलरच्या भावाने वर्षाला पावणेपाचशे डॉलर वाचतात. हायब्रिडसाठी किती जास्त मोजताय त्याला या रकमेने भागून बघा. फोर्डच्या हायब्रिडमध्ये ७.२ किलोवॉटचा जनरेटर मिळू शकतो. वादळात वीज जाणाऱ्या भागात राहत असाल तर तो वेगळा हिशेब.

टाकीचं माप कुणी विचारत नाही. २३ गॅलनची टाकी, ट्रेलरसह १० मैल, पाव टाकी राखीव: १७० मैलांवर पंप शोधायला लागायचा, आणि तोही असा की जिथे ट्रेलर वळवता येईल. ३६ गॅलनच्या टाकीत तेच २७० मैल होतात.

टोइंग पॅकेज कारखान्यातूनच घ्या. त्यात हिचचा रिसीव्हर (हिच बसवायची चौकोनी नळी) आणि सात पिनांचं सॉकेट असतं. मोठ्या पॅकेजात बऱ्याचदा जास्तीचं कूलिंग आणि ब्रेक कंट्रोलरही येतो. हे नंतर एकेक जोडत बसलं तर महाग पडतं आणि टो रेटिंग तरीही वाढत नाही. ॲक्सल रेशो विंडो स्टिकरवर बघा. फोर्डमध्ये ३.३१, ३.५५, ३.७३ असे मिळतात, रॅममध्ये ३.२१ ते ३.९२. ओढायचं असेल तर मोठा आकडा. रिसीव्हरवरही एक स्टिकर असतं: वजन वाटणाऱ्या हिचशिवाय किती आणि त्याच्यासह किती.

पैशाचं थोडक्यात. साधी, दोन दारांची कामाची गाडी ४० हजार डॉलरच्या आसपास सुरू होते, चार दारांची मधली फोर-व्हील-ड्राइव्ह ५५ ते ६५ हजारांना पडते आणि वरच्या ट्रिम ७५ ते ९० हजारांवर जातात. वाहतूक खर्चाचे दोन हजार किंवा जास्त वेगळे. म्हणून ‘गाडीची किंमत’ विचारू नका, कर आणि नोंदणी धरून रस्त्यावर येईपर्यंतचा एकच आकडा ईमेलवर लेखी मागा, तीन डीलरांकडून. २०२५ ते २०२८ या काळात अमेरिकेत जुळणी झालेल्या नव्या गाडीच्या कर्जावरचं व्याज वर्षाला १० हजार डॉलरपर्यंत प्राप्तिकराच्या वजावटीत धरता येतं, पण उत्पन्नाची मर्यादा आहे. व्हीआयएनचा पहिला आकडा १, ४ किंवा ५ असेल तर गाडी अमेरिकेतली. ३ असेल तर मेक्सिकोतली. सिल्व्हराडो दोन्हीकडे बनते, तेव्हा तपासा.

घरून निघताना गॅरेज मोजून निघा. चार दारांची, साडेपाच फुटी बेडची एफ-१५० सव्वाएकोणीस फुटांच्या वर लांब आहे आणि आरशांसकट आठ फूट रुंद. वीस फुटी गॅरेजमध्ये ती मावते, पण पुढे कपाट असेल तर नाही. मुलांच्या कार सीट सोबत न्या आणि तिथेच बसवून बघा.

गाडी घरी आली की पहिल्याच शनिवारी कॅम्पग्राउंडचं बुकिंग करू नका. कंपनीनुसार पहिले ५०० ते १,००० मैल ट्रेलर जोडायचा नसतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत आहे. तो पल्ला संपला की सामान आणि माणसांसकट ट्रेलर भरा, हायवेवरच्या ट्रकस्टॉपमधल्या काट्यावर उभे राहा आणि पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर अशी तीन वजनं घ्या. मग ट्रेलर सोडून पुन्हा एकदा नुसत्या गाडीचं. दोन पावत्यांमधल्या गाडीच्या वजनांची वजाबाकी म्हणजे तिच्यावर खरोखर पडलेला ट्रेलरचा भार. मागच्या ॲक्सलचा आकडा दाराच्या चौकटीवरच्या जीएडब्ल्यूआरपेक्षा, म्हणजे त्या ॲक्सलच्या कमाल मर्यादेपेक्षा, जास्त निघाला तर ट्रेलरमधलं पाणी काढा, जनरेटर बेडमधून ट्रेलरच्या ॲक्सलवर हलवा आणि परत काट्यावर या.